कॅन बसच्या कॅप्चर फाइलमध्ये आयडी उलटे आणि आरपीएम चुकीचा: बाइटक्रम नेमका कुठे बदलतो?

केळीवाहन_लॉगर, रावेर

नमस्कार. रावेर-सावदा पट्ट्यातून केळी घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकांवर आणि मळ्यातून माल बाहेर काढणाऱ्या पिकअप गाड्यांवर आम्ही कॅन बसची, म्हणजे गाडीतील कंट्रोलर ज्या दोन तारांवरून एकमेकांना संदेश पाठवतात तिची, नोंदयंत्रे बसवतो. रास्पबेरी पाय, त्यावर एमसीपी२५१५ चिपचे कॅन कार्ड आणि लिनक्समधील कॅन वाचण्याची सोय सॉकेटकॅन अशी मांडणी आहे. ट्रकवर जे१९३९ (जड वाहनांचा कॅन प्रोटोकॉल) असून बसचा वेग सेकंदाला २५० किलोबिट आहे. पिकअपवर ओबीडी (गाडीतील बिघाड तपासण्याची व्यवस्था) सॉकेटमधून ५०० किलोबिटने वाचन होते. फ्रेम (एकेक संदेश) पकडून त्यांची पीकॅप प्रकारची कॅप्चर फाइल लिहिणारी एक पायथन स्क्रिप्ट आमच्याकडे पूर्वीपासून चालत आलेली आहे. सॉकेटकॅनकडून मिळालेली १६ बाइटची फ्रेम ती जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवते आणि फाइलच्या हेडरमध्ये लिंक प्रकार (आतील फ्रेमची रचना सांगणारा आकडा) २२७ असा नोंदवते.

ट्रकवर कॅनडंप (फ्रेम थेट पडद्यावर दाखवणारी कमांड) चालवले तर १८-एफई-एफ१-००, १८-एफई-ईई-००, ०सी-एफ०-०४-०० असे २९ बिटांचे आयडी व्यवस्थित दिसतात. (हेक्स आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून प्रत्येक बाइटनंतर हायफन दिला आहे.) मात्र त्याच वेळची पीकॅप फाइल वायरशार्कमध्ये (कॅप्चर फाइल उलगडून दाखवणारा प्रोग्राम) उघडली, की २९ बिटांचा एकही आयडी दिसत नाही. सगळ्या फ्रेम ११ बिटांच्या ठरतात, बहुतेकांचा आयडी ६९८ येतो आणि उरलेल्यांत ०८सी वारंवार दिसतो. पिकअपवरचा प्रकार याहून विचित्र आहे: स्कॅनरने पाठवलेली ७डीएफ ही विनंती २९ बिटांची रिमोट फ्रेम म्हणून दिसते आणि इंजिनाकडून आलेले ७ई८ हे उत्तर चक्क एरर फ्रेम म्हणून नोंदले जाते. एरर फ्रेम म्हटल्यावर वायरिंगवर संशय आला, म्हणून सगळे जोड तपासून घेतले; गाडी बंद असताना कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यामध्ये ६० ओहम मिळतात, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत.

वायरशार्कच्या प्रेफरन्सेसमध्ये कॅन आयडीचे बाइट उलटण्याचा एक पर्याय आहे. तो लावला की आमच्या फाइलींतले आयडी जुळतात. पण भुसावळच्या सहकाऱ्याने टीसीपीडंप या कॅप्चर करणाऱ्या कमांडने घेतलेल्या फाइलींतले, तोपर्यंत बरोबर दिसणारे आयडी बिघडतात. शिवाय पर्याय लावा अथवा काढा, ट्रकचा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चुकलेलाच राहतो. इंजिन आयडलिंगवर असताना डॅशबोर्डचा काटा ८५० च्या आसपास असतो आणि आमच्या तक्त्यात ४६११.२५ येते. पिकअपवर मात्र हाच तक्ता ८५० दाखवतो. ट्रकची डीबीसी फाइल (कोणत्या फ्रेममधील कोणत्या बिटांचा काय अर्थ, याचा तक्ता) पिकअपच्या डीबीसीवरून तयार केलेली आहे, हेही सांगून ठेवतो. दुरुस्ती नेमकी कुठे करावी: स्क्रिप्टमध्ये, वायरशार्कमध्ये की डीबीसीमध्ये?

एम्बेडेड_धुळे

आपल्या प्रश्नात दोन स्वतंत्र दुखणी एकत्र आली आहेत आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आयडी उलटा दिसणे हा फाइल लिहिण्यातील दोष आहे, तर आरपीएम चुकणे हा डेटाचा अर्थ लावण्यातील दोष आहे. मी पहिल्यापुरतेच लिहितो.

कॅनच्या तारेवर आयडीचे बाइट असे काही नसतेच. ११ किंवा २९ बिट, सर्वांत वजनदार बिट आधी, असे एकामागून एक जातात आणि आर्बिट्रेशनही (एकाच वेळी दोघे बोलू लागले तर आधी कोणी, याचा निवाडा) त्याच बिटांवर होते. बाइटक्रमाचा प्रश्न उभा राहतो तो कंट्रोलरने हे बिट सॉफ्टवेअरच्या हाती दिल्यानंतर. लिनक्समधील कॅन फ्रेमच्या रचनेचे पहिले चार बाइट म्हणजे ३२ बिटांचा एक पूर्णांक असतो. त्याच्या खालच्या २९ बिटांत आयडी बसतो आणि वरच्या तीन बिटांत खुणा असतात: सर्वांत वरची खूण २९ बिटांच्या फ्रेमची, तिच्याखालची रिमोट विनंतीची आणि तिसरी एरर फ्रेमची. हा पूर्णांक त्या त्या यंत्राच्या स्वतःच्या क्रमाने साठवलेला असतो, आणि रास्पबेरी पायवर लिनक्स लिटल एंडियन चालत असल्यामुळे हलका बाइट आधी येतो. लिंक प्रकार २२७ चा करार याच्या नेमका उलट आहे: तिथे हे चार बाइट बिग एंडियन क्रमानेच, म्हणजे वजनदार बाइट आधी, असावे लागतात. लिबपीकॅपमार्फत कॅप्चर केले, तर ही अदलाबदल ती लायब्ररी स्वतः करते. आपली स्क्रिप्ट लिबपीकॅपला वळसा घालून सॉकेटचे बाइट थेट फाइलमध्ये ओतते आणि वर २२७ चा शिक्का मारते.

आपण दिलेल्या आयडींवरच हे ताडून पाहता येते. १८-एफई-एफ१-०० या आयडीला २९ बिटांची खूण जोडली की ९८-एफई-एफ१-०० होते. लिटल एंडियन यंत्राच्या मेमरीत ते ००, एफ१, एफई, ९८ असे पडते. वायरशार्क करारानुसार त्याला ००-एफ१-एफई-९८ असे वाचतो. वरचे तिन्ही बिट शून्य, म्हणून फ्रेम ११ बिटांची ठरते, आणि एफई-९८ मधील खालचे ११ बिट घेतले की उत्तर येते ६९८. आता १८-एफई-ईई-०० घ्या: तेही ००-ईई-एफई-९८ असे वाचले जाते आणि शेवट पुन्हा एफई-९८, म्हणजे पुन्हा ६९८. जे१९३९ मध्ये १८-एफई ने सुरू होणारे संदेश ढिगाने असतात आणि ते सगळे या एकाच आयडीत कोसळतात. ०सी-एफ०-०४-०० चे याच रीतीने ०८सी होते.

पिकअपच्या एरर फ्रेमचा उलगडाही इथेच आहे. ७ई८ मेमरीत ई८, ०७, ००, ०० असे असते. ते बिग एंडियन वाचले की पहिलाच बाइट ई८, आणि त्यातील ई म्हणजे वरचे तिन्ही खुणेचे बिट एक. ७डीएफ मध्ये पहिला बाइट डीएफ होतो. त्यात वरचे दोन बिट एक आणि तिसरा शून्य, म्हणून ती २९ बिटांची रिमोट फ्रेम वाटते. वायरिंगचा यात काडीचाही संबंध नाही. बसवर खरोखरच एरर येत असतील तर आयपी लिंक कमांडला सांख्यिकीचा पर्याय देऊन कॅन इंटरफेसचे एरर काउंटर पाहावेत; फाइलमधील एरर फ्रेमवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी ते काउंटर हलतात का, हे पाहण्याची सवय चांगली.

दुरुस्ती स्क्रिप्टमध्येच करावी. आलेल्या फ्रेमचे पहिले चार बाइट यंत्राच्या क्रमाने सोडवावेत आणि बिग एंडियन क्रमाने पुन्हा बांधावेत. पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये वाचताना फॉरमॅटच्या आरंभी '=' आणि लिहिताना '>' दिले की काम होते. त्यानंतरचे बाइट, म्हणजे लांबीचा एक बाइट, भरतीचे तीन आणि डेटाचे आठ, यांना हात लावू नये. आठ बाइटचा डेटा एक मोठा आकडा समजून उलटणाऱ्या स्क्रिप्ट मी पाहिल्या आहेत. त्यांतून निघणाऱ्या नोंदी वर्षभरानंतर कोणाच्याही कामाच्या राहत नाहीत.

फाइल कोणत्या क्रमाची आहे हे हेक्स व्ह्यूअरमध्ये डोळ्यांनीच दिसते. २२७ प्रकारच्या बरोबर फाइलमध्ये २९ बिटांच्या प्रत्येक डेटा फ्रेमचा पहिला बाइट ८० ते ९एफ यांच्या दरम्यान असतो, आणि ११ बिटांच्या डेटा फ्रेमचे पहिले दोन बाइट शून्य असतात. बिघडलेल्या फाइलमध्ये ८० ते ९एफ हा आकडा चौथ्या जागी सापडतो. जाता जाता: पीकॅप फाइलच्या आरंभीचा मॅजिक नंबर ए१-बी२-सी३-डी४ आहे की त्याच्या उलट, यात अडकू नये. तो फाइलचे स्वतःचे हेडर, वेळ आणि लांबी यांच्यापुरता असतो. कॅन आयडीला तो लागू नाही.

भुसावळ_नोंदवही

वर ज्यांचा उल्लेख झाला त्या टीसीपीडंपच्या फाइली माझ्याच आहेत, म्हणून मॅजिक नंबरबद्दल धुळ्याच्या सरांनी लिहिलेल्या शेवटच्या वाक्याला एक अपवाद जोडतो. २२७ साठी ते वाक्य अचूक आहे. परंतु माझ्या सगळ्या फाइली २२७ च्या नाहीत. एकाच बसवरून कॅप्चर केले तेव्हा इंटरफेस म्हणून कॅन० दिला होता, त्या फाइली २२७ च्या आहेत. ट्रकवर दोन बस एकाच वेळी नोंदवायच्या होत्या तेव्हा एनी हा इंटरफेस दिला होता, आणि तो दिला की लिनक्सची कुक्ड कॅप्चर, म्हणजे प्रत्येक फ्रेमपुढे एक ठराविक जादा हेडर जोडलेली कॅप्चर, तयार होते. तिचा लिंक प्रकार ११३ असतो आणि टीसीपीडंपच्या नव्या आवृत्त्यांत २७६.

या कुक्ड फाइलींत गंमत अशी, की बाहेरचे कुक्ड हेडर नेहमी बिग एंडियन असते, त्यातील प्रोटोकॉलच्या रकान्यात कॅनसाठी ०००सी लिहिलेले असते, आणि त्याच्या लगेच पुढे येणारा कॅन आयडी मात्र कॅप्चर करणाऱ्या यंत्राच्या क्रमाने असतो. एकाच रेकॉर्डमध्ये दोन क्रम. वायरशार्कला हे ठाऊक आहे, त्यामुळे तो दोन्ही प्रकार योग्य वाचतो. पण प्रेफरन्सेसमधील उलटापालटीचा पर्याय लावला, की सर्वांवर सरसकट तोच वरवंटा फिरतो. दादांच्या फाइली सुधारल्या आणि माझ्या बिघडल्या, त्याचे कारण हे.

दादा, आपली विश्लेषणाची स्क्रिप्ट माझ्या फाइली थेट वाचत असेल, तर तिने आधी लिंक प्रकार पाहिला पाहिजे. २२७ असेल तर बिग एंडियन, निःसंशय. ११३ किंवा २७६ असेल तर कॅप्चर करणारे यंत्र कोणत्या क्रमाचे होते हे कळले पाहिजे, आणि ते फाइलच्या मॅजिक नंबरवरूनच कळते, कारण फाइल त्याच यंत्राने लिहिलेली असते. आपल्याकडे पाय आणि लॅपटॉप दोन्ही लिटल एंडियन असल्यामुळे हा भेद आजवर कोणाच्या डोळ्यांत आला नाही, आणि बहुतेकांच्या कधी येणारही नाही. कॅपइन्फोज ही वायरशार्कसोबत येणारी कमांड फाइलचा प्रकार एका ओळीत सांगते. निदान एवढे तरी प्रत्येक फाइलबाबत आधी पाहून घ्यावे.

जुन्या फाइलींसाठी वायरशार्कमध्ये वेगळे प्रोफाइल करून उलटण्याचा पर्याय फक्त त्यातच ठेवता येतो. माझे मत विचाराल तर जुन्या फाइली एकदाच कायमच्या बदलून घ्याव्यात, कारण कोणते प्रोफाइल चालू आहे याचे भान कामाच्या गर्दीत राहत नाही.

जळगाव_डिझेल

आता आरपीएमकडे वळतो, कारण तो विषय अजून कोणी घेतलेला नाही.

कॅनचे मानक डेटाचे आठ बाइट ज्या क्रमाने पाठवले त्या क्रमाने पोहोचवते आणि तिथेच थांबते. दोन बाइट मिळून एक आकडा होतो तेव्हा त्यांतील वजनदार कोणता, हे वरचा प्रोटोकॉल ठरवतो. जे१९३९ मध्ये हलका बाइट आधी असतो. ओबीडीमध्ये वजनदार आधी. आपल्या ट्रकवर एक आणि पिकअपवर दुसरा, आणि डीबीसी मात्र एकाची दुसऱ्यावर उतरवलेली, म्हणून हा घोळ.

इंजिनाचा आरपीएम जे१९३९ मध्ये पीजीएन (संदेशाच्या प्रकाराचा क्रमांक) ६१४४४ मध्ये, म्हणजे आपल्या ०सी-एफ०-०४-०० या फ्रेममध्ये, चौथ्या आणि पाचव्या बाइटमध्ये येतो आणि एका एककाची किंमत ०.१२५ आरपीएम असते. ८५० साठी कच्चा आकडा ६८००, हेक्समध्ये १ए-९०, आणि तारेवर ९०, १ए असा. हा ९०-१ए म्हणून वाचला की ३६८९०, आणि त्याचा आठवा भाग ४६११.२५. आपला आकडा दशांशासह जुळतो. पिकअपवर ओबीडीचा पीआयडी (कोणते मोजमाप हवे ते सांगणारा क्रमांक) ०सी असतो. त्याच्या उत्तरातील ०डी, ४८ हे दोन बाइट जसेच्या तसे ०डी-४८, म्हणजे ३४००, आणि त्याला चारने भागले की ८५०. तिथे वजनदार बाइट आधीच असल्यामुळे आपली डीबीसी बरोबर उत्तर देते.

डीबीसीमध्ये सिग्नलच्या ओळीत लांबीनंतर '@' येते आणि त्यापुढे १ असेल तर इंटेल क्रम, ० असेल तर मोटोरोला क्रम. येथे बहुतेकांची गल्लत होते: शून्याच्या जागी एक लिहिले आणि काम झाले, असे समजतात. तसे होत नाही, कारण सुरुवातीचा बिट दोन्ही क्रमांत वेगळ्या टोकाचा असतो. इंटेलमध्ये तो सर्वांत हलका बिट असतो, मोटोरोलामध्ये सर्वांत वजनदार. याच आरपीएमसाठी इंटेल क्रमाची नोंद '२४|१६@१' अशी येईल. मोटोरोला क्रमाने तेच दोन बाइट घ्यायचे असते, तर '३१|१६@०' लिहावे लागले असते. आपल्या डीबीसीत ३१ असणार. ते तसेच ठेवून नुसता शून्याचा एक केला, तर सिग्नल ३१ व्या बिटापासून पुढच्या बाइटांत घुसेल आणि नवाच चुकीचा आकडा देईल. म्हणून ट्रकचे सिग्नल डीबीसी संपादकात नव्याने मांडावेत. हाताने आकडे बदलत बसू नये.

कोणता क्रम बरोबर, याची शंका आली तर गाडीलाच विचारावे. इंजिन चालू ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सावकाश दाबायचा आणि कच्चे बाइट पाहायचे. जो बाइट भराभर फिरतो, एफएफ ओलांडून पुन्हा ०० वर येतो, तो हलका; जो संथपणे एकेक पायरी चढतो, तो वजनदार. वेगासाठी तर याहून सोपे आहे. पीजीएन ६५२६५ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या बाइटमध्ये गाडीचा वेग असतो आणि एका एककाची किंमत तासाला एक किलोमीटरचा २५६ वा भाग, त्यामुळे नुसता तिसरा बाइट वाचला तरी पूर्ण किलोमीटर मिळतात. ८०, २८ असे बाइट आले तर वेग ४०.५ किलोमीटर, उलट वाचले तर १२८ च्या वर जाईल. केळी भरलेला ट्रक रावेर-बऱ्हाणपूर रस्त्यावर त्या वेगाने जात नाही, हे सांगायला डीबीसी लागत नाही.

एक गोष्ट मात्र फसवते. कूलंटचे तापमान पीजीएन ६५२६२ मध्ये एकाच बाइटचे असते, त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. ७डी आले तर ८५ अंश. बाइट एकच असल्यामुळे क्रम कोणताही लावला तरी हे उत्तर बरोबर येते, आणि तापमान जुळले म्हणून डीबीसी बरोबर आहे असा समज होतो. पडताळणीसाठी नेहमी दोन किंवा चार बाइटचाच सिग्नल निवडावा.

केळीवाहन_लॉगर, रावेर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. स्क्रिप्टमध्ये पहिल्या चार बाइटांची दुरुस्ती केली, वायरशार्कचा पर्याय काढून टाकला आणि ट्रकची डीबीसी नव्याने मांडली. आता आयडी कॅनडंपशी तंतोतंत जुळतात, आरपीएम डॅशबोर्डशी जुळतो, आणि पिकअपच्या फाइलीतल्या एरर फ्रेम नाहीशा झाल्या आहेत.

दोन गोष्टी उरल्या. जुन्या फाइली बदलणारी स्क्रिप्ट लिहिताना, प्रत्येक फ्रेमचा पहिला बाइट पाहून ती उलटायची की नाही ते ठरवावे, असा विचार आहे; यात काही धोका आहे का? दुसरे असे, की ट्रकवर पीजीएन ६५२८० च्या पुढचे काही संदेश येतात आणि त्यांतील दोन बाइट डिझेलच्या पातळीसारखे वागताना दिसतात. जे१९३९ आहे म्हणून त्यांनाही इंटेल क्रमच लावावा काय?

एम्बेडेड_धुळे

धोका आहे. उलट्या फाइलमध्ये पहिल्या जागी आयडीचा सर्वांत हलका बाइट असतो आणि जे१९३९ मध्ये तो म्हणजे पाठवणाऱ्या कंट्रोलरचा सोर्स अ‍ॅड्रेस. इंजिनाचा ०० असतो म्हणून आपल्या उदाहरणांत अडचण आली नाही. परंतु एखाद्या कंट्रोलरचा अ‍ॅड्रेस ८० ते ९एफ मध्ये पडला, तर त्याची उलटी फ्रेमही पहिल्या बाइटवरून सुलटी वाटेल आणि स्क्रिप्ट तेवढीच फ्रेम सोडून देईल. निर्णय फ्रेमगणिक न घेता संपूर्ण फाइलसाठी एकदाच घ्यावा: पहिल्या आणि चौथ्या जागी ८० ते ९एफ किती वेळा येतात ते मोजावे, पारडे स्पष्ट झुकले तरच फाइल बदलावी, अन्यथा ती बाजूला काढून डोळ्यांनी पाहावी. बदललेली फाइल नव्या नावाने लिहावी आणि मूळ तशीच ठेवावी, म्हणजे चुकून दुसऱ्यांदा उलटण्याचा प्रश्न येणार नाही. पिकअपच्या फाइलींत ११ बिटांचेच आयडी असल्यामुळे तिथे शून्ये पुढे आहेत की मागे, एवढे पाहिले तरी पुरते.

जळगाव_डिझेल

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. पीजीएन ६५२८० ते ६५५३५ हा पट्टा निर्मात्यांच्या खासगी वापरासाठी मोकळा ठेवलेला आहे. आत काय भरायचे आणि कोणत्या क्रमाने, हे पूर्णपणे निर्माता ठरवतो. बरेच निर्माते तिथेही इंटेल क्रमच ठेवतात, पण ते गृहीत धरू नये. सिग्नल पूर्ण १६ बिटांचा असेलच असेही नाही, १० किंवा १२ बिटांचाही असू शकतो.

टाकी भरण्याच्या आधीपासून ती पुरती भरेपर्यंतची सलग नोंद घ्यावी आणि त्या दोन बाइटांचे दोन्ही क्रमांनी आलेख काढावेत. बरोबर क्रमाचा आलेख भरताना एका दिशेने चढत जाईल. चुकीच्या क्रमाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली उड्या मारेल. दोन्ही आलेख ओबडधोबड आले तर तो दोन बाइटचा एक आकडा नाही, दोन वेगवेगळे सिग्नल आहेत असे समजून प्रत्येक बाइट स्वतंत्र तपासावा. त्याआधी पीजीएन ६५२७६ येतो का तेही पाहावे: त्यात दुसऱ्या बाइटमध्ये डिझेलची पातळी ०.४ टक्क्यांच्या पायरीने येते, बाइट एकच असतो, आणि तो येत असेल तर खासगी संदेशाच्या मागे लागण्याची गरजच नाही.